जमैका: पर्यटक वाढले, पण किनाऱ्यावर जायचं कुणी? ('वहिवाट', 'आकडेमोड', 'दर्यावर्दी' या तीन टोपणनावांची चर्चा)

वहिवाट: जमैकात १९५६ चा बीच कंट्रोल ॲक्ट अजून लागू आहे. ब्रिटिशांच्या काळातला. किनारपट्टी सरकारजमा, आणि तिथे जाण्या-पोहण्याचा सरसकट हक्क जनतेला नाही. १९६२ ला स्वातंत्र्य मिळालं, हा कायदा मात्र हलला नाही. १८८२ च्या दुसऱ्या एका कायद्याखाली वीस वर्षांची वहिवाट सिद्ध केली तर हक्क मिळतो. म्हणजे रिसॉर्टाने किनाऱ्याला भिंत घातली, तर ज्या पाण्यात आजोबा पोहले त्यासाठी नातवाने कोर्टाची पायरी चढायची! आधी हा कायदा बदला, मग नव्या रिसॉर्टांना परवानग्या द्या.

आकडेमोड: आणि तोवर लोकांनी खायचं काय? २०१३ मध्ये या देशाचं कर्ज जीडीपीच्या १४० टक्क्यांवर होतं, नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. दहा वर्षांत ते जवळपास निम्म्यावर आलं. २०२४ मध्ये बेरोजगारी पाच टक्क्यांच्या आत. २०२२ पासून पर्यटनातल्या कंत्राटी कामगारांना, हस्तकला विक्रेत्यांनाही पेन्शन योजना आहे. हे डॉलर पर्यटनातूनच येतात ना, की आभाळातून पडतात?

वहिवाट: कर्ज उतरलं ते सरकारने वर्षानुवर्षं खर्चाला कात्री लावली म्हणून. सरकारी नोकरांचे पगार गोठवले होते. ते श्रेय हॉटेलांच्या खात्यात कसं टाकता?

दर्यावर्दी: क्रूझवर कामाला आहे, आमच्यासारखे गोव्या-कोकणातले बरेच असतात. जमैकातल्या फालमथला जहाज लागतं. २०११ चं बंदर, कुंपणाच्या आत चकाचक दुकानं. बाहेर पावलावर जुन्या ब्रिटिश 'जॉर्जियन' शैलीच्या इमारतींचं गाव, पण बरेच पॅसेंजर तिकडे फिरकत नाहीत. जेवणाचे पैसे जहाजावर आधीच भरलेले, बाहेर पॅटी (तिथला सारण भरलेला खाऊ) कोण घेणार? तरी आकडेवारीत तो पर्यटकच!

आकडेमोड: क्रूझबद्दल मान्य. पण हॉटेलवाल्यांचीही बाजू आहे. किनारा मोकळा सोडला की फेरीवाले पाहुण्यांच्या मागे लागतात, ही तिथली जुनी तक्रार आहे. पाहुणा वैतागून डोमिनिकन रिपब्लिकला गेला तर? तिथे २०२३ मध्ये जहाजांचे धरून एक कोटी लोक आले.

वहिवाट: बार्बाडोसमध्ये किनारे सार्वजनिक आहेत. तिथली महागडी हॉटेलं ओस पडलीत का? फेरीवाल्यांना परवाने द्या, जागा आखून द्या. त्यासाठी अख्ख्या गावाला भिंतीबाहेर ठेवायची गरज नाही.

आकडेमोड: २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा वादळ पश्चिम जमैकावर आदळलं, पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं. हॉटेलं बंद पडली. त्या कामगाराला आधी पगार हवा की पोहायचा हक्क? आत्ता गुंतवणूकदारांना अटी घातल्या तर दुरुस्ती लांबेल.

दर्यावर्दी: उलट, भिंत पडलीच आहे तर पुन्हा बांधताना बाजूने वाट सोडायला कितीसा खर्च येतो? एकदा पक्की झाली की पुढची वीस वर्षं कोर्टात जातील.