गिनीपिग: मंडईतला पाला, बाल्कनीतल्या कुंड्या आणि गणपतीची पत्री. काय चालेल, काय बाद?

तिसरा_मजला_मुलुंड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. घरी दोन गिनीपिग माद्या आहेत, वय आठ महिने, वजन ८०० ग्रॅमच्या आसपास. टिमोथी गवत आणि पेलेट चालू आहे. दुकानदाराने "कुठलाही पाला घाला, गाजर घाला" एवढंच सांगितलंय. नेटवरच्या याद्यांमध्ये केल, रुबार्ब, डँडेलियन असलं काय काय असतं, आपल्या भाजीवाल्याकडच्या पाल्याचं नाव नसतं. म्हणून नेमकं विचारते:

१. पालक, माठ, अळू, आंबट चुका, मेथी, शेपू, मुळ्याचा पाला यातलं काय द्यायचं नाही?
२. घरातले लोक मायेने पोळीचा तुकडा, भिजवलेले चणे, मोड आलेली मटकी भरवतात. चालतं का?
३. बाल्कनीत मनीप्लांट, सदाफुली, कोरफड, तुळस, जास्वंद, स्नेक प्लांट आहे. संध्याकाळी दोघी तिथे मोकळ्या फिरतात.
४. गणपतीत दूर्वा आणि पत्री उरते. ती घातली तर?

देठासकट

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: गिनीपिगला उलटी होत नाही. कुत्रं नको ते खाऊन ओकून टाकतं, हिच्या पोटात गेलेलं पुढेच सरकतं. शिवाय पचनाचं मोठं काम आतड्याच्या शेवटच्या भागातले जिवाणू करतात आणि त्यांना गवताचा चोथा लागतो. पिठूळ किंवा गोड पदार्थ गेला की नको ते जिवाणू माजतात, वायू धरतो, आतडं मंदावतं. म्हणून "थोडंसं दिलं तर काय होतंय" हा हिशेब इथे लागू होत नाही.

प्रश्न २ चं उत्तर त्यामुळे सरळ आहे: पोळी, पाव, बिस्कीट, पोहे, भात, साबुदाणा सगळं बंद. भिजवलेले चणे आणि मटकीसुद्धा. माणसाला पौष्टिक असली तरी कडधान्यं यांना वायू धरतात, आणि कच्च्या राजम्यात तर लेक्टिन नावाचं विष असतं. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया यात तेल फार, आणि बी घशात अडकायची भीती. दूध, दही, पनीर नाही. चॉकलेट, चहा, कॉफी नाहीच नाही.

कांदा, लसूण, पातीचा कांदा, लसणीची पात: कच्ची असो की शिजलेली, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. पोहे-उपम्यासाठी चिरलेली कोथिंबीर उरली म्हणून घालाल तर आधी बघा, त्याच पाटावर कांदा चिरलेला असतो. बटाटा कच्चा नाही, साल नाही, हिरवा पडलेला किंवा कोंब आलेला तर अजिबात नाही. टोमॅटोचं पिकलेलं फळ एखादी फोड चालेल, पण वरचा हिरवा देठ आणि पाला विषारी. वांग्याचा देठ आणि पानंही त्याच घराण्यातली. अॅव्होकॅडो बाद. सफरचंद द्यायचं तर बिया काढून.

आता पाला.

अळू: पूर्ण बाद. पानात, देठात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. आपण अळूला चिंच घालून, शिजवूनही कधी घशाला खाज सुटते, कच्चं पान खाणाऱ्या जनावराच्या तोंडाची काय गत होईल. सुरणही तसंच.

आंबट चुका, घोळ, चाकवत, माठ, राजगिरा: ऑक्झलेट भरपूर. हे वरच्यासारखं लगेच भाजत नाही, पण लघवीत खडे करायला मदत करतं. गिनीपिग जास्तीचं कॅल्शियम लघवीतून टाकते, त्यामुळे मूतखड्याचा त्रास या प्राण्यात फार. मी हे सगळे यादीतून काढूनच टाका म्हणेन. पर्याय इतके आहेत की यांच्यावाचून अडत नाही.

पालक: आठवड्यातून एखादं पान, तेही दिलंच पाहिजे असं नाही.
मेथी, शेपू, मुळ्याचा पाला: आठवड्यातून एक-दोनदा, चार-पाच काड्या. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम फार, तो क्वचितच.
कोथिंबीर: रोज चालते, मुळं घासून धुवून. पुदिना, कढीपत्त्याची दोन-चार पानं अधूनमधून.

आणि मुंबईत फुकट मिळणारी उत्तम गोष्ट म्हणजे मक्याच्या कणसाची हिरवी पानं आणि रेशीम. भुट्टेवाला ती फेकतोच. कोवळी, न भाजलेली, मीठ-लिंबू न लागलेली मागा, धुवून घाला. दाणे मात्र नाहीत: पिठूळ असतात आणि साल दातात-घशात अडकते.

गाजर गोड आहे, दोन पातळ चकत्या पुरे. खरी गरज क जीवनसत्त्वाची. माणसासारखंच यांचं शरीर ते बनवत नाही, दिवसाला किलोमागे १० ते २० मिलीग्रॅम खाण्यातून मिळायला हवं. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला साधारण ८० मिलीग्रॅम असतं, म्हणजे तुमच्या ८०० ग्रॅमच्या मादीला २० ग्रॅमची फोड पुरते. बिया आणि देठ काढायचा. तिखट मिरची नाही. पाण्यात थेंब टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका: पाण्यात, उजेडात ते टिकत नाही, आणि चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो.

पेरू_आणि_मीठ

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत. पालकाबद्दल आणखी कडक राहीन, विशेषतः घरात टँकरचं किंवा बोअरिंगचं जड पाणी येत असेल तर. ट्रेमध्ये लघवी वाळल्यावर पांढरी खडूसारखी पूड थोडी दिसणं नेहमीचं, पण ती रेतीसारखी चरचरीत लागली, किंवा लघवी करताना प्राणी कुईकुई करत असेल, तर कॅल्शियमवाला पाला थांबवून डॉक्टर गाठा. लालसर डाग दिसला तर त्याच दिवशी.

कोबी-फ्लॉवरचा उल्लेख राहिला. कोबी विषारी नाही, वायू धरतो. माणसाला वायू धरला तर ढेकर देऊन मोकळं होता येतं, यांना ती सोय नाही. फ्लॉवरचे हिरवे दांडे लोक कौतुकाने घालतात. आठवड्यातून बोटभर तुकडा, त्यापुढे नको.

दुसरं, पाला कुठे पिकलाय ते बघा. रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढवलेली भाजी आपल्याकडे वर्षानुवर्षं बाजारात येत आलीय. धुतल्याने माती, जंतू, थोडंफार फवारलेलं औषध जातं. देठातून आत शोषलेले जड धातू जात नाहीत. ज्याच्याकडचा माल कुठून येतो ते सांगता येतं, अशा भाजीवाल्याकडून घ्या.

कुंडीतली_माती

प्रश्न ३ आणि ४ घेतो.

मनीप्लांट: अळूच्याच कुळातला, त्याच सुया. डिफेनबेकिया, अॅग्लोनेमा, सिंगोनियम, पीस लिली हे सगळे भाऊबंद. तोंड, जीभ सुजते, लाळ गळते, प्राणी खाणं सोडतो. मनीप्लांटची वेल उंच टांगली म्हणून निर्धास्त राहू नका, खाली पडलेलं पिवळं पान तितकंच वाईट.

सदाफुली: कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधं याच झाडातून काढतात. यावरूनच काय ते समजा. ही कुंडी बाल्कनीतून हलवा.

कोरफड: पानाच्या सालीखालचा पिवळा चीक जुलाब लावतो. स्नेक प्लांटमध्ये सॅपोनिन असतं, पोट बिघडतं. अडेनियम, कण्हेर, पिवळी कण्हेर हृदयावर जाणारी विषं, घरातच नकोत. शेवंती, क्रोटन, घाणेरी याही लांब.

तुळस आणि जास्वंद यांचं झाड म्हणून भय नाही. तुळशीची चार पानं, जास्वंदीचं फूल किंवा पान कधीतरी चालतं. पण जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो आणि मग सगळे फवारतात. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध मातीत घातलं असेल तर ते पानाच्या आत असतं, वरून धुवून उपयोग नाही. नर्सरीतून आणलेल्या रोपाला काय घातलंय हे तुम्हाला कळत नाही, म्हणून नवीन रोपाची पानं घालूच नका. स्वतःच्या कुंडीत बी किंवा फांदी लावून, औषध न मारता वाढवलेलं वापरा. शेणखत-कंपोस्टची माती चाटतात का, त्याकडेही लक्ष असू द्या. मुंग्या-झुरळांची खडू-पावडर आणि उंदराचं औषध बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवलेलं असतं, ते आधी उचला.

आता गणपती. दूर्वा म्हणजे हरळी, चांगलं गवत. पण देवाला वाहिलेली देऊ नका: तिला हळद-कुंकू, अष्टगंध, उदबत्तीची राख लागलेली असते, आणि दहा दिवसांच्या दमट हवेत जुडीचा मधला भाग कुजतो. वेगळी ताजी जुडी आणा, दोरा सोडा, काडी काडी मोकळी करून धुवा, आतली पिवळी-काळी काडी फेका. दोरा गिळला तर आतड्यात अडकतो, तो आधी कचऱ्यात.

पत्रीची जुडी मात्र नावही काढू नका. एकवीस पत्रींमध्ये धोतरा, कण्हेर, रुई, डोरली ही पानं ठरलेलीच असतात, आणि बाजारातल्या जुडीत कशाच्या जागी काय बांधलंय ते विकणाऱ्यालाही नेहमी ठाऊक नसतं. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. शनिवारी मारुतीची रुईची माळ आणता, तीही जमिनीवर ठेवू नका. हारातला झेंडू, शेवंती, गुलाब बाजारासाठी फवारलेला असतो, तोही नाही.

पावसाळ्याची एक बाजू कुणी बोललेलं नाही. सुक्या गवताला बुरशी धरते. पिशवी उघडल्यावर कुबट वास, पांढरी-राखाडी धूळ, काळे ठिपके दिसले तर पूर्ण पिशवी टाका, "वरचं चांगलं आहे" म्हणून वाचवू नका. गवत हवा खेळेल अशा कापडी पिशवीत, भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर ठेवा. ताजं हवं तर ट्रेमध्ये गहू पेरा, दहा-बारा दिवसांत बोटभर होतो. मुळाशी कापसासारखी बुरशी दिसली तर तो ट्रे बाद. लॉनमोवरने कापलेलं गवत कधी आणू नका, ते ढिगात तासाभरात गरम होऊन आंबतं.

तिसरा_मजला_मुलुंड

खूप उपयोगी. सदाफुली आणि मनीप्लांट आजच शेजारी देते. एकच राहिलं: लक्ष चुकून काही चावलंच, तर घरी पहिल्या तासात काय करायचं?

देठासकट

तोंडात तुकडा असेल तर बोटाने किंवा ओल्या कापसाने काढा. उलटी करवायचा प्रयत्न नाही, मीठपाणी नाही, दूध-तूप तर मुळीच नाही. पाला, पेलेट, कुंडी सगळं उचला, ताजं सुकं गवत आणि पाणी राहू द्या. चावलेल्या झाडाची फांदी पिशवीत घ्या, नाव माहीत नसलं तरी डॉक्टरला पान बघून कळतं. किती खाल्लं, किती वाजता, कागदावर लिहा.

बघायचं काय: लाळ, तोंडाला पंजा मारणं, पाय लुळे पडणं, जुलाब, लेंड्या बारीक होणं किंवा थांबणं. पोट ढोलकीसारखं ताणलेलं लागलं आणि प्राणी कोपऱ्यात पाठ फुगवून बसला तर एक मिनिटही घालवू नका, आणि तेव्हा सिरिंजने भरवू नका: पुढे वाट बंद असेल तर भरवलेलं आतच साठतं. कण्हेर, रुई, सदाफुली असेल तर लक्षणांची वाट बघायची नाही, लगेच निघा. बाकी कशानेही असो, खाणं-लेंड्या बंद होऊन बारा तास झाले तर तातडीचं समजा.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि त्याच भागातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच, पण मुलुंडहून निघण्याआधी फोन करून "गिनीपिग बघणारे डॉक्टर आत्ता आहेत का" हे विचारा. जवळपासचा असा एक डॉक्टर आत्ताच हेरून ठेवा, रात्री अकराला शोधत बसणं परवडत नाही. नेताना खोक्यात गवत घाला आणि दोघींनाही न्या, एकटी जास्त घाबरते.

पेरू_आणि_मीठ

जोडून एक, कारण घरोघरी हे होतं: सर्दी झाली म्हणून लहान मुलाचं अॅमॉक्सिसिलीनचं सिरप थेंबभर देतात. पेनिसिलीन घराण्यातली औषधं, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन तोंडावाटे गेली तर आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि प्राणी चार-आठ दिवसांत जातो. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरने लिहून दिलं तरी "गिनीपिगला हे चालतं ना" असं तोंडावर विचारा.

सशाचे पेलेटही नकोत. त्यात क जीवनसत्त्व घातलेलं नसतं. गिनीपिगच्या पेलेटमधलंही तयार झाल्यापासून तीन महिन्यांत बरंच उतरतं, आपल्या दमट हवेत त्याहून लवकर, तेव्हा पाकिटावरची तारीख बघून लहान पाकीट घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा.

आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघींचं वजन करा, त्याच वेळेला. आठवड्यात ५० ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं तर पाल्यात गेल्या आठवड्यात नवीन काय घातलं होतं ते आधी आठवा. म्हणूनच नवीन भाजी एका वेळी एकच, नखाएवढी, आणि पुढचे चोवीस तास लेंड्यांवर नजर.

तिसरा_मजला_मुलुंड

भुट्टेवाल्याकडची पानं रोज दिली तर चालतील का, की तीही मोजून?

देठासकट

रोज चालतील, दोघींत मिळून एका कणसाची. सुक्या गवताच्या जागी नाही, त्याच्या जोडीला.