सर्किट बोर्डांच्या कारखान्याचा शाश्वतता आराखडा कोठून सुरू करावा?

प्रश्न (चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर):
नमस्कार. आमच्या कारखान्यात सर्किट बोर्डांची जुळणी होते. आमचे काही ग्राहक शेअर बाजारातील मोठ्या कंपन्यांपैकी असल्यामुळे त्यांना सेबीच्या (शेअर बाजार नियामकाच्या) नियमानुसार दरवर्षी बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांचा अहवाल द्यावा लागतो आणि त्यासाठी ते आता आमच्याकडेही वीज, पाणी व कचऱ्याचे आकडे मागू लागले आहेत. व्यवस्थापनाचा आराखडा वृक्षारोपण आणि छतावरील सौर पॅनेल एवढ्यावरच थांबला आहे. मला तो अपुरा वाटतो. शिवाय ई-कचऱ्याची जबाबदारी आमची की ज्यांच्या नावाने माल विकला जातो त्यांची, यावर आमचे एकमत होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १:
ताई, जबाबदारी दोघांचीही आहे, पण वेगवेगळी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार, विकलेल्या वस्तूंच्या पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट ज्याच्या नाममुद्रेने माल विकला जातो त्याला पूर्ण करावे लागते. २०२५-२६ साठी ते ७० टक्के असून २०२७-२८ पासून ८० टक्के होईल. मात्र जुळणीत बाद झालेले बोर्ड आणि सुटे भाग हा तुमचाच ई-कचरा आहे. त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर निर्माता (मॅन्युफॅक्चरर) म्हणून नोंदणी करावी आणि तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्यावा. भंगारवाल्याला किलोवर विकणे आजच बंद करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर २:
मी उत्पादन विभागात काम करतो, म्हणून रिफ्लो ओव्हनबद्दल, म्हणजे सोल्डर (झाळ) वितळवून सुटे भाग बोर्डावर पक्के करणाऱ्या भट्टीबद्दल लिहितो. जुने शिसेयुक्त सोल्डर १८३ अंशांना वितळत असे. कथील, चांदी आणि तांब्याच्या आजच्या शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ अंश लागतात, त्यामुळे ओव्हन त्याहूनही बराच तापवावा लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हीच उष्णता हॉलमध्ये पसरली, तर ती बाहेर काढण्यासाठी एसी चालवावा लागतो आणि एकाच उष्णतेचे बिल दोनदा भरले जाते. ओव्हनचा एक्झॉस्ट नीट बाहेर काढलेला आहे का, जेवणाच्या सुट्टीत व पाळी बदलताना तो स्टँडबायवर जातो का, हे आधी तपासावे आणि त्याला स्वतंत्र सबमीटर बसवावा. वेव्ह सोल्डरिंगच्या (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेण्याच्या) भांड्यावर साचणारी मळी (ड्रॉस) हीही रोज तोलून नोंदवावी; तिच्यात बरेचसे कथीलच असते आणि नायट्रोजनचे आवरण दिल्यास ती कमी होते.

उत्तर ३:
वरील मताशी सहमत आहे, तरी सौर पॅनेलला कमी लेखू नये. ग्रिडच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे. फक्त भार आधी कमी करावा आणि मग पॅनेलची क्षमता ठरवावी. झाडे अवश्य लावा, पण कारखान्याच्या उत्सर्जनाच्या हिशेबात ती धरू नका. विकत घेतलेल्या चिप आणि कोरे बोर्ड तयार होताना झालेले उत्सर्जन बहुधा तुमच्या वीजबिलापेक्षा मोठे निघेल, म्हणून पुरवठादारांकडून आकडे मागवण्याचे पत्र याच तिमाहीत पाठवावे.