आरोग्यसेवा-संशोधकाची प्रकाशनयादी आणि सायटेशन्स कशी वाचावीत?

तेरणाकाठ

नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातल्या एका छोट्या विश्वस्त संस्थेचा मी सचिव आहे. आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून पुढे पाठवल्या जाणाऱ्या बाळंतिणी नेमक्या कोठे पोचतात, किती वेळात पोचतात आणि काही जणी वाटेतूनच खासगी दवाखान्याकडे का वळतात, याचा दोन वर्षांचा अभ्यास करायचे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी आरोग्यसेवांवर संशोधन करणारी एक व्यक्ती मार्गदर्शक म्हणून नेमायची असून दोन नावे पुढे आली आहेत. पहिल्या सरांच्या नावावर 140 पेपर आहेत, गूगल स्कॉलर या संशोधन-लेख शोधण्याच्या सेवेवर त्यांचा एच-इंडेक्स 31 दिसतो आणि एकूण सायटेशन्स (म्हणजे इतरांच्या लेखनात त्यांच्या पेपरांचे झालेले उल्लेख) पाच आकडी आहेत. दुसऱ्या मॅडमच्या नावावर 22 पेपर आहेत आणि एच-इंडेक्स 9 आहे.

विश्वस्तांच्या बैठकीत या आकड्यांवरूनच पहिले नाव जवळपास पक्के झाले होते. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, कारण मॅडमचा एक पेपर माझ्या वाचनात आला आहे. रेफर चिठ्ठीवर लिहिलेली निघण्याची वेळ आणि रुग्णालयाच्या नोंदवहीतली दाखल होण्याची वेळ त्यांनी एकेका बाईसाठी ताडून पाहिली आहे, आणि आम्हाला करायचे आहे ते हेच काम आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. ताळेबंद वाचता येतो, पण ही यादी वाचता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

संदर्भ_कक्ष

सचिव महोदय, एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी 19 वर्षे संदर्भ विभाग सांभाळते आहे, म्हणून आधी हा आकडा तयार कसा होतो ते सांगते. एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये मांडली. ज्यांच्या नऊ पेपरांना प्रत्येकी किमान नऊ सायटेशन्स आहेत, पण दहा पेपरांना प्रत्येकी दहा अशी मजल अजून गाठलेली नाही, त्यांचा एच-इंडेक्स 9. आता समजा, एकाच्या पाच पेपरांना 60, 14, 9, 4 आणि 2 सायटेशन्स आहेत आणि दुसऱ्याच्या पाच पेपरांना 4, 4, 4, 4 आणि 2. दोघांचाही एच-इंडेक्स 4 येतो, आणि त्यातला 60 सायटेशन्स मिळवणारा पेपर त्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

शिवाय एकाच व्यक्तीचा एच-इंडेक्स प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके, छापण्यापूर्वीचे मसुदे असे सगळेच मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा बहुधा सर्वांत मोठा दिसतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संशोधन-लेखांच्या सूची निवडक नियतकालिके घेतात. स्कोपसवर लेखकाने स्वतःच स्वतःचा दिलेला संदर्भ वगळूनही आकडा पाहता येतो. तो दोघांचाही पाहावा. तुलना करायची तर एकाच ठिकाणची आणि एकाच दिवशीची करावी, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे वाद मिटतात.

पण आपल्या भागात खरी अडचण नावांची आहे, आणि त्यावर फार कमी बोलले जाते. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत शोधयादीवर आडनाव आणि जास्तीत जास्त दोन आद्याक्षरे छापली जातात. ‘शिंदे एस. बी.’ या नावाचे किती डॉक्टर मराठवाड्यात असतील याचा अंदाज आपणच करा. त्यातले एकाचे पेपर दुसऱ्याच्या खात्यात सहज जमा होतात, कारण गूगल स्कॉलर नावावरून पेपर आपोआप जोडू शकतो आणि खातेदाराने तपासले नाही तर ते तसेच राहतात. बायकांच्या बाबतीत उलटे घडते: लग्नानंतर आडनावही बदलते आणि वडिलांच्या जागी नवऱ्याचे आद्याक्षर येते, त्यामुळे माहेरच्या नावाने लिहिलेले पेपर यादीतून गळतात. मॅडमचे 22 हे पूर्ण आहेत की नाहीत, ते त्यांना अवश्य विचारा. 2012 पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक संशोधकांना मोफत मिळतो. नाव बदलले तरी तो बदलत नाही. दोघांकडूनही तो मागून घ्या. संस्थेच्या पत्त्यावरून शोधणार असाल तर जुन्या पेपरांवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद हीच नावे असणार, आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, हे ध्यानात असू द्या.

बालाघाट

मी पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातून निवृत्त झालेला शिक्षक आहे. वर ताईंनी नावांविषयी लिहिले ते अगदी रास्त आहे. मी लेखकांच्या क्रमाबद्दल आणि पेपरच्या पोटात काय असते याबद्दल लिहितो.

पाच आकडी सायटेशन्स दिसली की प्रथम सर्वाधिक सायटेशन्सचे चार-पाच पेपर उघडून लेखकांची यादी पाहावी. जागतिक रोगभार अभ्यासाचे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातले पेपर घ्या: एकेका पेपरला शेकडो सहलेखक असतात, आणि त्यांतल्या काहींची सायटेशन्स हजारोंच्या घरात जातात. ते काम मोलाचेच आहे. पण त्यातले प्रत्येक सायटेशन शेकडो जणांच्या खात्यात एकदम पूर्णच्या पूर्ण जमा होते. दुसरीकडे, अनेक विभागांत विद्यार्थ्याच्या थीसिसवरून निघालेल्या पेपरवर विभागप्रमुखांचे नाव रीत म्हणून येते. मी स्वतः असे होऊ दिले आहे आणि आज त्याची खंत वाटते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2022 च्या नियमांत पदोन्नतीसाठी पहिल्या तीन लेखकांत असणे किंवा पत्रव्यवहाराचा लेखक (पेपरबद्दल ज्याच्याशी संपर्क साधायचा तो) असणे आवश्यक धरले, ते याच सवयीला आवर घालण्यासाठी, असे मी समजतो. आपणही तोच निकष लावून दोन्ही याद्या पुन्हा मोजा.

त्यानंतर पेपर नेमके काय मोजतो ते पाहा. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचा विचार रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी करावा, हे आरोग्यसेवा-संशोधक अवेदिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये मांडले आणि त्यांचा तो लेख या क्षेत्रात आजही सतत उद्धृत होतो. आपल्याकडचे बरेच पेपर रचनेपाशीच थांबतात: खाटा किती, पदे किती रिक्त. बाळंतीण निघाल्यापासून पोचेपर्यंत काय झाले, ही प्रक्रिया आहे. ती मोजायला नोंदवह्या घेऊन महिनोन्महिने बसावे लागते, म्हणून असे पेपर संख्येने थोडे निघतात आणि एका जिल्ह्यापुरते आहेत म्हणून उद्धृतही कमी होतात. 22 आणि 140 मधल्या फरकाचा काही भाग कामाच्या जातीतूनच आलेला असू शकतो.

सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे, हेही विश्वस्तांना सांगा. कोविडसाठी वापरल्या गेलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा लॅन्सेटमधला पेपर 22 मे 2020 रोजी छापला गेला आणि त्यातली माहिती पडताळता येत नसल्याने 4 जूनला मागे घेतला गेला. तरीही त्याचा उल्लेख पुढे होत राहिला, आणि आकडा त्यांतले टीकेचे उल्लेख वेगळे काढून दाखवत नाही. याच्या उलट गडचिरोलीचे उदाहरण आहे. 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग अभय आणि राणी बंग यांनी केला, तो 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. सायटेशन्स त्यालाही भरपूर मिळाली, परंतु 2011 पासून आशाताईंच्या गृहभेटी देशाच्या कार्यक्रमात आल्या, त्याची नोंद कोणत्याही इंडेक्समध्ये होत नाही.

पहिल्या सरांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपला अभ्यास राज्यभरातल्या आकडेवारीवरून अंदाज बांधण्याचा असता, तर मी कदाचित त्यांचेच नाव सुचवले असते.

तेरणाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीन रात्री बसून मी दोन्ही याद्या वहीत उतरवल्या. सरांच्या सायटेशन्सपैकी बहुतांश सहा पेपरांची आहेत आणि त्या प्रत्येकात शेकडो सहलेखक आहेत. पहिल्या तीन लेखकांत ते 34 पेपरांत आहेत. त्यातले दोन पेपर औषधपुरवठ्यावरचे असून मला फार चांगले वाटले. मॅडमना फोन केला तेव्हा माहेरच्या नावाचे आणखी सात पेपर निघाले. त्यांच्या 29 पैकी 24 मध्ये त्या पहिल्या तिघांत आहेत आणि 11 थेट रेफरल सेवेवर आहेत. फोनवर त्यांनी मला उलट विचारले की आमच्या केंद्रांत चिठ्ठीची दुसरी प्रत ठेवतात का. मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन पाहिले, तर दुसरी प्रत ठेवतच नाहीत. म्हणजे अभ्यासाचा पायाच आधी घालावा लागणार आहे, आणि हे आम्हाला पहिल्या दिवशी कळले ते त्यांच्यामुळे.

संदर्भ_कक्ष ताई, बैठकीच्या टिपणात मॅडमचे 22 पेपर लिहू की 29?

संदर्भ_कक्ष

29 लिहा आणि त्या सात पेपरांपुढे छापलेले नाव जसेच्या तसे द्या, म्हणजे कोणालाही पडताळता येईल. मॅडमनी ते सात पेपर आपल्या ऑर्किड खात्यावर आणि गूगल स्कॉलरवरही स्वतः जोडून घ्यावेत. प्रत्येक पेपरला डीओआय क्रमांक (पेपरची कायमची ओळख) असेल तर अर्ध्या तासाचे काम आहे. तोपर्यंत एच-इंडेक्सचा रकाना टिपणात दोघांसाठीही रिकामा ठेवावा, असे मी सुचवीन.