एचएचसीऐवजी काय, याबद्दल थोडं

ताई, फ्रान्सने २०२३ मध्ये एचएचसीवर (गांजासारखी नशा आणणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन) बंदी घातली, मग आईच्या झोपेसाठी इथे कायदेशीर काय मिळेल, असं विचारलंत. भाच्याकरवी बाहेरून काही मागवू नका, कळकळीने सांगते.

१९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा-चरस येतात, त्या झाडाची नुसती पानं नाहीत. म्हणून पानांपासूनची विजया नावाची आयुर्वेदिक औषधं वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. भांगेला मात्र महाराष्ट्रात परवाना लागतो.

दादरला मी झोपेचं म्हणून तेल घेतलं. घरी चष्मा लावून पाहिलं तर मागे बारीक अक्षरांत 'हेम्प सीड ऑइल'. ते नुसतं बियांचं खाद्यतेल, त्यात सीबीडी (त्याच झाडातला, नशा न आणणारा घटक) नावालाच! फार वाईट वाटलं.

आई वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेत असतील तर आधी डॉक्टरांना विचाराच, सीबीडीने त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.