मदत हवी आहे: कॉइलची तार २८ नंबरच आहे का, कसं ओळखू?

रामराम मंडळी. परभणीकडं आमचा कडबाकुट्टीचा छोटा धंदा आहे. कडब्यात खिळे, तारेचे तुकडे लई येतात, पातं तर जातंच पण जनावराच्या पोटात गेलं की विषय संपला, म्हणून फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा मॅग्नेट हातानं वेढून बनवायलोय. (साधं लोहचुंबक का नाही? त्याला चिकटलेलं खरडत बसावं लागतं, याचं बटन बंद केलं की पडतं.)

सोळा एमएमच्या बोल्टवर ६०० वेढे घातलेत. रिवायंडिंगवाल्यानं तार '२८ नंबर' म्हणून वजनावर दिली. मायक्रोमीटर नाही, म्हणून पेन्सिलीवर २० वेढे चिटकून गुंडाळले आन पट्टीवर मोजले, बरोब्बर ८ एमएम. म्हणजे ०.४० एमएम झाली ना, इनॅमल (तारेवरचा वार्निशसारखा थर) धरून. आता एसडब्ल्यूजीत (तारेच्या जाडीचे ब्रिटिश नंबर) २८ म्हणजे नुसतं तांबं ०.३७६ आन एडब्ल्यूजीत (अमेरिकन नंबर) २६ म्हणजे ०.४०५, मग ही नेमकी कोणती? इनॅमल पॉलिश पेपरनं घासून परत मोजू का, पट्टीवर एवढा फरक दिसंल का?

मल्टीमीटरवर साडेसहा ओहम दाखवतंय, म्हणजे पावणेदोन-दोन अँपिअर ओढत असंल. खिळे मस्त उचलतो पण दहा मिनिटांत हात लावू देत नाही इतका तापायलाय. याच तारेचे वेढे वाढवू का बारीक तार घेऊ? ज्यांनी स्वतः कॉइल भरलीय त्यांनीच सांगा बरं.