मदत हवी आहे: ऑर्डरी भरपूर, पण पैसा जातो कुठे?

मैत्रिणींनो, ७ वर्षं शिवणकामाचा छोटा व्यवसाय करतेय. काम भरपूर, तरी महिनाअखेर हात रिकामे. परवा वही नीट पाहिली, तर घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच पानावर, आणि माझी स्वतःची मजुरी कुठेच नाही! उधारीवर गेलेला मालही मी हातातला पैसा समजून बसले होते. १०० ला पडलेली वस्तू १२५ ला विकली की २५ टक्के नफा, असं मी धरायचे. विक्रीच्या हिशोबात तो २० टक्केच भरतो, हे पन्नाशीत कळलं. (हसू नका.)

आता नीट शिकायचंय, खास करून किंमत ठरवणं आणि उधारी सांभाळणं. दुपारचे दोन तास मोकळे असतात. कुणी असं प्रशिक्षण घेतलंय का? आपल्याच वहीवर सराव करून घेतात, की नुसती भाषणं?