राल्फ क्योनिगची गे कॉमिक्स साध्यासुध्या जर्मन घरांत कशी काय पोचली?

राईनकाठची_रेवा
नमस्कार मंडळी, बरेच दिवसांनी धागा काढतेय. मी दोन वर्षांपूर्वी कोलोनला आले, वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, खाली घरमालकीणबाई आणि त्यांचा नवरा. बाई सत्तरीच्या पुढच्या, शाळेत शिक्षिका होत्या, दोघं दर रविवारी न चुकता चर्चला जातात. परवा त्यांच्याकडे कॉफीला गेले होते तर दिवाणखान्यातल्या कपाटात, बागकामाची पुस्तकं आणि बायबल याच्या खालच्याच फळीवर, सात-आठ कॉमिक्स उभी लावलेली. एक उघडलं तर दोन पुरुषांच्या संसाराची गोष्ट! आणि ती नुसती सूचक वगैरे नाही, चांगली उघड उघड, चावट, काही पानं तर मी बाईंसमोर पटकन उलटली. बाई मात्र हसून म्हणाल्या, घेऊन जा वाचायला, जर्मन सुधारेल तुझं.

तर ते पुस्तक राल्फ क्योनिगचं, कोनराड आणि पॉल या जोडीचं. रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले, अर्धे शब्द शोधावे लागले तरी हसून हसून पोट दुखलं. मग ऑफिसात विचारलं तर जवळजवळ सगळ्यांना हा माणूस माहीत, गे असोत नसोत. माझा प्रश्न असा की हे झालं कसं? आपल्याकडे असलं पुस्तक कुणाकडे असलंच तर कपड्यांच्या घडीखाली असेल. आणि हे लोक गे माणसांवर हसतात की त्यांच्याबरोबर हसतात? मला खरंच समजून घ्यायचंय, इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी कृपया लिहा.

एसेनकर
रेवाताई, चांगला विषय काढलात. मी ९१ सालापासून इथे आहे त्यामुळे यातलं थोडंफार डोळ्यांसमोर घडलंय, सविस्तर लिहितो.

क्योनिग (इकडे बरेच लोक शेवटी क्योनिश असा उच्चार करतात) १९६० चा, जन्म झोएस्टचा, म्हणजे वेस्टफालियातलं छोटं शहर, वाढला तिथल्याच एका कॅथलिक खेड्यात. तो आधी सुतारकाम शिकला, मग ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत गेला. पहिली कॉमिक्स त्याने गे लोकांच्याच मासिकांसाठी काढली आणि १९८१ ला पहिलं पुस्तक आलं ते बर्लिनच्या 'रोझा विंकेल' प्रकाशनाचं. रोझा विंकेल म्हणजे गुलाबी त्रिकोण, नाझींच्या छळछावण्यांत समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर शिवायचे तो. म्हणजे सुरुवात किती आतल्या वर्तुळातून झाली बघा.

मोठा बदल झाला तो १९८७ ला, रोव्होल्टने 'डेअर बेवेग्टे मान' छापलं तेव्हा. रोव्होल्ट म्हणजे सगळ्या देशाचं प्रकाशन, त्यांची स्वस्त पॉकेटबुकं स्टेशनवरच्या दुकानातसुद्धा असायची. त्यामुळे पुस्तक घ्यायला कुणाला वेगळ्या दुकानाची पायरी चढायला लागली नाही, गाडीची वाट बघता बघता पाकीट काढलं की झालं. माझ्या मते निम्मं उत्तर इथेच आहे आणि याच्याबद्दल लोक फार कमी बोलतात.

काळही तसा होता. ब्र्योझेलचा 'वेर्नर' ८१ पासून चालू होता, नंतर ९० ला वाल्टर मोएर्सचा तो महाआगाऊ पोरगा आला, म्हणजे मोठ्यांची, तोंडाळ, अजिबात सभ्य नसलेली जर्मन कॉमिक्स खपायला लागली होती. त्याच लाटेत क्योनिगची नावही पुढे गेली.

मग १९९४. झ्योन्के वोर्टमनने 'डेअर बेवेग्टे मान'वर सिनेमा काढला, टिल श्वायगर, काट्या रिमन, योआखिम क्रोल. ६५ लाखांवर लोकांनी थिएटरात जाऊन बघितला! मी एसेनला बघितला, माझ्या एका बाजूला कारखान्यातला फोरमन आणि त्याची बायको, दुसऱ्या बाजूला कॉलेजची पोरं, सगळे एकाच जागी हसत होते. आणि हे त्याच वर्षी ज्या वर्षी कलम १७५ शेवटी कायद्यातून गेलं. पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं हे कलम म्हणजे इथलं ३७७ समजा, नाझींनी १९३५ ला ते आणखी कडक केलं आणि युद्धानंतर पश्चिम जर्मनीने १९६९ पर्यंत तसंच चालू ठेवलं, त्या वीस वर्षांत सुमारे ५० हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. ६९ ला सुधारणा झाली तरी कलमाचा उरलेला तुकडा ९४ पर्यंत होता. त्यामुळे तुमच्या घरमालकीणबाईंच्या पिढीने दोन्ही पाहिलंय, शेजारच्या माणसाला पोलीस घेऊन जाताना आणि त्याच गोष्टींवर थिएटरात मोकळेपणी हसताना.

रेघोट्या
एसेनकरांनी इतिहास सांगितला, मी चित्रांबद्दल बोलते कारण माझं कामच ते आहे.

क्योनिगची माणसं बघा. सगळ्यांना बटाट्यासारखं मोठं गोल नाक, बारके डोळे, पोट सुटलेलं, अंगावर केस, हात लोंबतायत. एकही देखणा नाही! ज्याच्यावर सगळे फिदा आहेत असं गोष्टीत सांगितलंय तोसुद्धा त्याच नाकाचा. त्या काळातली गे चित्रं आठवा, सगळे पिळदार देहाचे, एखाद्या देवाच्या मूर्तीसारखे. ते बघून बाहेरच्या वाचकाला वाटणार की ही वेगळीच जमात आहे. इकडे मात्र नाकावरून गे कोण, स्ट्रेट कोण, पाद्री कोण, पोलीस कोण काही कळत नाही. जर्मन वाचकाला गोल नाकाची सवयही होती, लोरियोची गोल नाकवाली टाय लावलेली माणसं ५० च्या दशकापासून घरोघरी होती. ओळखीचं नाक दिसलं की माणूस पान उलटतो, अर्ध्या मिनिटाने त्याला कळतं की आपण कुठे आलोय, तोवर हसून झालेलं असतं.

दुसरं म्हणजे त्याच्या चौकटी. एकाच कोचावर दोघं बसलेत, मागे काहीच नाही, चार-पाच चौकटी चित्र जवळपास तेच, फक्त भुवई एक रेघ वर जाते नाहीतर नजर बाजूला वळते. सगळा विनोद त्या एका रेघेत. हे क्लेअर ब्रेतेशे या फ्रेंच बाईकडून आलंय, तिचं ऋण तो स्वतः मानतो, ती पॅरिसच्या मध्यमवर्गीय बायकांना अशीच कोचावर बसवून बडबड करायला लावायची. म्हणजे मुळात हा विनोद बायकांच्या गप्पांचा आहे. माझ्या ओळखीत क्योनिग वाचणाऱ्यांमध्ये बायका खूप आहेत, मला त्याचं अजिबात आश्चर्य वाटत नाही.

आणि फुग्यातली भाषा! हाताने लिहिलेली, बोलतात तशी, शब्द गिळलेले, दोन शब्दांचा एक केलेला. रेवा तुला शब्द शोधायला लागले ते म्हणूनच, ते क्लासात शिकवत नाहीत, ते ट्राममध्ये कानावर पडतात.

चावटपणाबद्दल म्हणशील तर आपल्याकडे दिवाळीत 'आवाज'च्या खिडक्या उघडून बघणारी घरं होतीच की, आजोबा आधी बघायचे मग अंक हळूच इकडचा तिकडे व्हायचा. पण तिथे खिडकी उघडली की आत काहीतरी निष्पाप निघायचं, तीच गंमत. क्योनिगकडे खिडकीच्या बाहेर जे आहे तेच आत आहे.

अळणी_नको
+१ रेघोट्या. नाकाचं कधी लक्षातच आलं नव्हतं, आता परत काढून बघतो.

एल्बकाठी
मी स्वतः गे आहे, नाशिकचा, आता हॅम्बुर्गला. रेवाच्या शेवटच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितोय.

'डेअर बेवेग्टे मान'ची गोष्ट काय आहे? आक्सेल नावाचा स्ट्रेट पुरुष, बायकांच्या मागे लागणारा, त्याला त्याची मैत्रीण डोरो घराबाहेर काढते. राहायला जागा नाही म्हणून तो नॉर्बर्ट नावाच्या गे माणसाकडे येतो, नॉर्बर्ट त्याच्या प्रेमात पडतो, इकडे डोरोला दिवस गेलेले. आता यात मूर्ख कोण ठरतं? आक्सेल! कारण त्याला वाटतं सगळं जग आपल्यासाठी आहे. नॉर्बर्टच्या वेड्या मित्रमंडळींवर वाचक हसतो, भरपूर हसतो, पण सगळ्यात मोठी फजिती स्ट्रेट माणसाची होते. लिहिणारा आतला असल्यामुळे त्याला कुठे चिमटा काढायचा ते माहीत आहे आणि कुठे थांबायचं तेही.

पण सिनेमाबद्दल माझी तक्रार आहे. सिनेमात कॅमेरा आक्सेल आणि डोरोकडे सरकला, गे मंडळी मसाला म्हणून उरली. पुस्तकात ती घरची माणसं आहेत, सिनेमात पाहुणे. ६५ लाख लोकांनी जे बघितलं ते थोडं पाणी घातलेलं होतं हे एसेनकर तुम्हीही मान्य कराल.

कोनराड आणि पॉल वाचल्यावर मात्र तक्रार राहत नाही. कोनराड पियानो शिकवतो, नीटनेटका, हळवा. पॉलला केसाळ दांडगे पुरुष आवडतात, तोंड बंद राहत नाही, नजर एका जागी राहत नाही. दोघांचं वर्षानुवर्षं चाललेलं, रुसणं, पसारा, पाहुणे, वाढतं वय. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ना, ते या दोघांना लागू होतं म्हणून तर रेवाच्या घरमालकीणबाई ते वाचतात. तो कुठेही थांबून "आम्हीही माणसं आहोत" असं समजावत बसत नाही. समजावणारं पुस्तक लोक आदराने बाजूला ठेवतात, भांडणाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचतात.

आणि तो फक्त हसवत नाही. 'सुपर पॅरडाइज' १९९९ चं, नाव मिकोनोस बेटावरच्या समुद्रकिनाऱ्याचं आहे, वाळू, ऊन, सुट्टी, आणि त्यात एड्स येतो. तीच गोल नाकं, तीच कोचावरची माणसं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका मित्राचा रिपोर्ट यायचा होता, पुस्तक अर्ध्यावर बंद करून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आधीची दहा पुस्तकं आपण या लोकांबरोबर हसलेले असतो, म्हणून ते इतकं लागतं.

मी कॉलेजात असताना मराठीत आमच्याबद्दल काय होतं तर तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट'. १९८१ चं नाटक, त्यातली मित्रा मुलीवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते, फार मोठं धाडस होतं ते, त्याबद्दल मनात आदरच आहे. पण मला अठराव्या वर्षी वाटलं की आपल्यासाठी शेवट एकच आहे. मग तेविसाव्या वर्षी हॅम्बुर्गच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन पुरुष कोचावर बसून फालतू गोष्टीवरून भांडताना दिसले आणि मी तिथेच उभ्या उभ्या तीस पानं वाचली. आपणही एक दिवस असं कंटाळवाणं, सुखाचं भांडण करू शकू हे मला पहिल्यांदा त्या पुस्तकात दिसलं.

एसेनकर
एल्बकाठी, सिनेमाचं मान्य. मी पुस्तक नंतर वाचलं त्यामुळे तेव्हा कळलं नव्हतं. मनापासून लिहिलंत, धन्यवाद.

एक राहिलं. सगळं गोडीगुलाबीत झालं असंही नाही. ९० च्या दशकात बायर्नच्या (म्हणजे बव्हेरियाच्या) सरकारी युवक खात्याने त्याच्या 'बुलेनक्लोटेन' या पुस्तकावर निर्बंध घालायची मागणी केली होती, म्हणजे दुकानात उघड ठेवता येणार नाही, पण तपासणी मंडळाने ती नाकारली. आणि पुढे २००८ च्या आसपास फ्रांकफुर्टर आल्गेमाइन, म्हणजे इथलं चांगलंच पुराणमतवादी, बँकवाले आणि वकील वाचतात ते वर्तमानपत्र, त्यात त्याची आदम आणि देवाची मालिका येत होती. नंतर नोहा झाला, मग संत पॉल. धर्मावर तो फार कडक लिहितो, कॅथलिक खेड्यात वाढल्याचं त्यात दिसतं. २०१४ ला एर्लांगनला त्याला जीवनगौरव म्हणून कॉमिक्ससाठीचा माक्स उंड मोरित्स पुरस्कारही मिळाला.

अळणी_नको
सुरुवात कशाने करावी? माझं जर्मन बी-१ आहे.

रेघोट्या
कोनराड-पॉलच्या छोट्या गोष्टींनी कर, दोन-चार पानांच्या असतात. 'लिसिस्ट्राटा' पण सोपं आहे, अरिस्टोफेनिसचं जुनं ग्रीक नाटक, बायका युद्ध थांबवायला नवऱ्यांना जवळ येऊ देत नाहीत, क्योनिगने पुढे विचारलंय की मग ते सैनिक एकमेकांबरोबर काय करतील! ऑथेल्लोवरचं 'यागो' नंतर वाच, त्याला भाषा बरी लागते. शहराच्या लायब्ररीत कॉमिक्सच्या रॅकवर के अक्षराखाली बघ.

राईनकाठची_रेवा
सगळ्यांचे खूप आभार, एल्बकाठी तुझे विशेष, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला.

काल बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांनी आधी सिनेमा बघितला, शाळेतल्या शिक्षिकांबरोबर, ९४ लाच. मग तसंच असेल म्हणून पुस्तक आणलं तर पानं बघून धक्का बसला आणि वर्षभर ते कपाटावर पडून राहिलं. मग पाय मोडला, सहा आठवडे घरात, सगळं वाचून संपलं तेव्हा ते खाली काढलं. त्यांनी पुस्तक उघडून मला पॉल दाखवला, कोचावर आडवा पडलेला, आणि बोट सरळ आतल्या खोलीकडे केलं, जिथे काका अगदी तसेच आडवे पडून फुटबॉल बघत होते. म्हणाल्या, मी कोनराड आहे, चाळीस वर्षं मी कोनराड आहे.

काकांनी आतून विचारलं काय चाललंय, तर बाईंनी त्यांना पान वाचून दाखवलं. ते म्हणाले हे मला माहीत आहे, तू दवाखान्यात गेलीस की मी पण वाचतो.

'सुपर पॅरडाइज' त्यांच्याकडे नाहीये, शनिवारी लायब्ररीत जाते.